तराजूवर घालायची नाही अशी चांदी: लंडनच्या कॉमिन्स कारखान्याची ड्रेसिंग टेबलवरची पेटी

चांदीची वस्तू हातात आली की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा असतो आणि दुसरा मोडीचा. एडवर्डियन काळातल्या, म्हणजे व्हिक्टोरियानंतरच्या सातव्या एडवर्डच्या राजवटीतल्या, इंग्रजी शृंगारपेटीला हे दोन प्रश्न विचारले, तर ती दोन्हींत नापास होते. पत्रा पातळ, आत लाकडाचा सांगाडा, चांदी ९२.५ टक्के आणि मागितलेली किंमत आतल्या चांदीच्या भावाच्या कितीतरी पट. तरी चांगली पेटी मिळाली तर ती घ्यावी असंच आमचं मत आहे. फक्त आपण पैसे कशाचे देतोय ते ठाऊक हवं. झाकणावरचा उठाव किती धारदार राहिलाय, बिजागरी किती शाबूत आहे आणि शिक्के किती स्वच्छ वाचता येतात, पैसे या तीन गोष्टींचे. बाकी सगळं दुय्यम.

परीक्षणासाठी समोर आहे ती पेटी आयताकृती आहे. लांबी साडेचौदा सेंटीमीटर, रुंदी दहा, पायांसकट उंची सहाच्या आसपास. शिक्का लंडनचा, साल १९०२-०३, निर्मात्याची अक्षरं 'डब्ल्यू सी', म्हणजे विल्यम कॉमिन्स. ड्रेसिंग टेबलवरच्या चांदीत या कारखान्याचं नाव त्या काळात अगदी वरच्या रांगेत होतं. झाकणावर ढगांतून डोकावणारे पाच बालदेवदूतांचे चेहरे आहेत. ते जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या १७८६-८७ मधल्या चित्रावरून घेतलेले आहेत. मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लॉर्ड विल्यम गॉर्डन यांची मुलगी फ्रान्सिस इझाबेला हिचाच चेहरा पाच बाजूंनी रंगवून रेनॉल्ड्स यांनी पाच देवदूत केले होते. शंभरेक वर्षांनी चांदीवाल्यांनी हे चेहरे उचलले आणि ब्रश, हातआरसा, पिनांची ताटली, पेटी असं सगळीकडे ठोकले. बाजारात या नक्षीला 'रेनॉल्ड्स एंजल्स' म्हणतात. कॉमिन्सखेरीज बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनीही ती भरपूर वापरली आहे.

पेटीच्या चारही बाजूंना वेलबुट्टी, शिंपले आणि उलटसुलट वळलेल्या पानांच्या वळ्या. खाली चार ओतीव पाय. आत मखमल. हेअरपिना, अंगठ्या, ब्रोच ठेवायला. काम आपल्या फणेरपेटीचंच, पण आरसा हिच्या पोटात नसतो, तो वेगळा, दांड्याचा असतो.

पत्रा इतका पातळ का, याचं उत्तर कारागिराच्या कंजूषपणात नाही, चांदीच्या बाजारात आहे. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये चांदी औंसाला साठ पेन्सच्या आसपास होती. जर्मनी सुवर्णमानाकडे वळला, म्हणजे चलनाचा आधार चांदीऐवजी सोनं झालं, अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि १८९०च्या दशकाच्या उत्तरार्धात भाव तिशीच्या खाली घसरला. याच घसरणीनं आपला चांदीचा रुपयाही कोलमडला आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद झाल्या. इंग्लंडात मात्र त्याचा फायदा झाला. १८९० साली चांदीच्या भांड्यांवरचा औंसामागे अठरा पेन्सचा करही गेला. स्वस्त चांदी, कर नाही आणि जोडीला वाफेवर चालणारे ठसायंत्र. मग जी चांदी सरदारांच्या जेवणघरात असायची, ती मध्यमवर्गीय बाईच्या आरशापुढे येऊन बसली, तिला परवडेल अशा पातळ पत्र्याची होऊन.

काम कसं होतं ते कळलं की दोष कुठे शोधायचे तेही कळतं. पोलादी ठशात नक्षी उलटी कोरलेली असते. त्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ठेवून वरून जड घण पाडतात. एका घावात एवढा खोल उठाव येत नाही, पत्रा फाटतो. म्हणून घाव, मग तापवून नरम करणं, पुन्हा घाव. शेवटी कडा कापून, बाजू वळवून, झाळून पेटी उभी करतात. उठाव जिथे सर्वांत उंच तिथे पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो, म्हणजे तिथेच तो सर्वांत पातळ. आणि झाकणावर बोटं, रुमाल, पॉलिश हे सगळं पहिल्यांदा लागतं तेही तिथेच. शंभर वर्षांचं उजळवणं एका नाकाच्या शेंड्यावर जमा होतं.

चांगल्या कारखान्यात ठशानंतर पेटी राळेवर बसवून कारागीर सुंभ्यानं, म्हणजे बोथट टोकाच्या पोलादी छिन्नीनं, केसांच्या बटा, पापण्या, पंखांची पिसं पुन्हा रेखायचा. हे झालंय की नाही ते दहापट भिंगातून दिसतं. निव्वळ ठशातल्या रेषेचा तळ गोलसर असतो आणि खोली सगळीकडे सारखी. हातानं रेखलेल्या रेषेत सुंभ्याचे बारीक टप्पे दिसतात, रेषा सुरुवातीला खोल आणि शेवटाकडे निमुळती होते. समोरच्या पेटीत मधल्या चेहऱ्याच्या बटांत हे टप्पे स्पष्ट आहेत, कडेच्या दोन चेहऱ्यांत जवळजवळ नाहीत. कारागिरानं मेहनत केली ती नजर जाते तिथे. यात फसवणूक काही नाही, त्या काळचा धंदा असाच चालायचा. पण झाकणभर हातकाम आहे असं कुणी सांगत असेल, तर भिंग काढावं.

झाकण कसं तपासायचं

खोलीतला मोठा दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च झाकणाच्या पातळीत, अगदी आडवा धरायचा. उठाव ताजा असेल तर नाकाची सावली गालावर पडते आणि वरची पापणी खालच्या पापणीपासून वेगळी दिसते. झिजलेल्या झाकणावर चेहरा म्हणजे नुसता गोळा, डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे हाच फोटो मागा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत झिजलेली पेटीही झगमगते.

त्यानंतर नाक, कपाळावरची बट, हनुवटी आणि झाकणाच्या चार कोपऱ्यांवरची पानं भिंगातून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर ती आधी काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. उठावाच्या कण्यावरून केसाएवढी काळी रेघ जात असेल तर ती भेग आहे, मळ नव्हे. मळ ओल्या कापसाच्या काडीनं हलतो, भेग हलत नाही. मग झाकणावर तोंडानं हवा सोडायची, चष्म्यावर सोडतो तशी. वाफ बसून विरताना झाळलेली जागा वेगळ्या रंगाची होऊन क्षणभर उमटते. दुरुस्ती कितीही सफाईनं केलेली असली तरी ही वाफ बहुतेक वेळा ती दाखवून देते.

बऱ्याच पेट्यांवर नावाची आद्याक्षरं कोरायला एक गुळगुळीत जागा सोडलेली असते. पूर्वीच्या मालकिणीची अक्षरं घासून काढली असतील तर तिथला पत्रा कागदासारखा होतो. अंगठ्यानं हलकेच दाबलं की लपकतो. भांड्याच्या तळासारखं टक्-टक् ऐकू आलं, तर ती पेटी ठेवून द्यावी. जुनी अक्षरं तशीच असलेली पेटी लोक नाकारतात, पण पत्रा शाबूत असल्याची ती चांगली खूण असते आणि किंमत थोडी कमी होते तो फायदाच.

शिक्के

इंग्रजी चांदीची सगळ्यात मोठी सोय म्हणजे ती स्वतःचा जन्मदाखला अंगावर घेऊन फिरते. लंडनच्या या काळातल्या वस्तूवर चार खुणा हव्यात. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनचं परीक्षणगृह, चांदीचा कस तपासून शिक्के मारणारी संस्था, आणि १८२१ नंतर या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट नसतो. एक अक्षर म्हणजे साल. चौथी खूण निर्मात्याची अक्षरं. राजाराणीचं मुखचिन्ह ही कर भरल्याची खूण होती, ती १८९० साली कराबरोबरच गेली. त्यामुळे १९०२ च्या पेटीवर ती नसणं हा दोष नाही, असणं हा मात्र संशय.

सालाच्या अक्षरात लोक फार गडबड करतात. लंडनमध्ये वीस अक्षरांचं एक चक्र असायचं, 'ए' ते 'यू', मधला 'जे' वगळून. १८९६ पासूनच्या चक्रात साधं छोटं रोमन अक्षर आहे: १८९६ ला 'ए', १९०० ला 'ई', १९०२ ला 'जी', १९०५ ला 'के'. १९१६ पासून पुन्हा छोटी अक्षरं आली, पण गॉथिक वळणाची. म्हणजे साधा छोटा 'जी' असेल तर १९०२ आणि गॉथिक छोटा 'जी' असेल तर १९२२. अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून साल १९०२-०३ असं लिहितात. आणि कुठलंही अक्षर वाचण्याआधी परीक्षणगृह ओळखायचं, कारण प्रत्येकाचं चक्र वेगळं. हाच 'जी' बर्मिंगहॅमच्या खुणेशेजारी, म्हणजे जहाजाच्या नांगराशेजारी, असेल तर साल १९०६. शेफील्डची त्या काळची खूण मुकुट, चेस्टरची तीन पेंढ्या आणि तलवार.

विक्रेते या सगळ्या पेट्यांना सरसकट 'व्हिक्टोरियन' म्हणतात. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला वारली. त्यामुळे १९०२ ची पेटी व्हिक्टोरियन नव्हे, एडवर्डियन. सवयीनं तसं म्हटलं असेल तर सोडून द्या, व्हिक्टोरियन म्हणून चार पैसे जास्त लावले असतील तर अक्षर दाखवा.

'डब्ल्यू सी' एवढ्यावरूनही निकाल लावू नये. विल्यम चॉनर नावाचा चमचे-काटे करणारा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात हीच अक्षरं वापरत होता. साल आणि वस्तू दोन्ही जुळल्या तरच कॉमिन्स म्हणायचं.

शिक्के दोन ठिकाणी शोधा. पूर्ण संच पेटीच्या अंगावर असतो, बहुधा समोरच्या किंवा बाजूच्या कडेला, नक्षीच्या गर्दीत दडलेला. झाकणावरही सिंह आणि सालाचं अक्षर असायला हवं. दोन्ही अक्षरं एकच असली पाहिजेत. समोरच्या पेटीत झाकणावरचा सिंह अर्धा पुसलाय पण अक्षर जुळतं, ते चालण्यासारखं आहे. अक्षरं वेगळी असतील तर ते दोन पेट्यांचं लग्न आहे. झाकणावर काहीच नसेल तर झाकण नंतरचं असू शकतं.

खरा शिक्का पोलादी ठोकणीनं मारलेला असतो, म्हणून त्याच्या कडा तीक्ष्ण आणि तळ सपाट. जुन्या पेटीचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत शिक्के वितळलेल्या साबणावर उठवल्यासारखे मऊ दिसतात, तळाला बारीक दाणा असतो. ही नक्षी आजही नव्यानं बनते आणि त्यात गैर काही नाही. १९९९ पासूनच्या ब्रिटिश शिक्क्यात ९२५ हा आकडा असतो. खाली सांगितलेला जुना आयातशिक्का सोडला तर तो दिसला की वस्तू नवी, मग झाकण कितीही काळं केलेलं असो.

'ईपीएनएस' किंवा 'ए वन' अशी अक्षरं ढालीच्या चौकटींत ओळीनं मारलेली असतील, तर ती पितळेच्या जातीच्या मिश्रधातूवर चांदीचं पाणी दिलेली पेटी. मुंबईत चोरबाजारच्या मटन स्ट्रीटवर अशा पेट्या चांदीच्या म्हणून पुढे केल्या जाण्याची शक्यता कायम धरावी. उंच भागांवर पिवळसर धातू डोकावतोय का ते आधी बघा.

तिसरा प्रकार जर्मनीतल्या हानाऊ गावाचा. खेळणारी बाळं, डच शेतकरी, जहाजं अशा गर्दीनं भरलेल्या ज्या पेट्या 'जुन्या इंग्रजी' म्हणून येतात, त्यातल्या पुष्कळ हानाऊच्या. तिथले कारखाने जुनी वाटतील अशी खोटी चिन्हं मुद्दाम मारायचे. इंग्लंडात आयात होताना त्यांच्यावर वेगळे शिक्के बसायचे: १९०४ पर्यंत लंबगोलात 'एफ', नंतर सिंहाऐवजी दशांशातला .९२५ आकडा. बेर्टहोल्ड म्युलर या आयातदाराच्या वस्तूंवर चेस्टरचे आयातशिक्के सहज सापडतात. हानाऊची पेटी वाईट नसते, कधीकधी पत्रा इंग्रजीपेक्षा जाड असतो. फक्त ती हानाऊच्या भावात घ्यावी.

परीक्षणगृहाच्या यंत्राबद्दल एक सूचना. आपल्याकडच्या हॉलमार्क केंद्रातलं एक्स-रे यंत्र ओरखडा न काढता शुद्धता सांगतं, पण ते वाचतं पृष्ठभाग. जाड पाणी दिलेली वस्तू त्याला चकवू शकते. पाय किंवा झिजलेला कोपरा अशा दोन-तीन जागी वाचन घ्यायला सांगा. कसोटीवर घासू देऊ नका.

बिजागरी आणि अस्तर

बिजागरीत पाच किंवा सात नळ्या आणि त्यांतून जाणारी एक खीळ. झाकण उघडून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. कागदाच्या जाडीएवढी हालचाल ठीक, त्याहून जास्त म्हणजे खीळ झिजलीय. खीळ बदलणं सोपं, नळी फाटली असेल तर नाही. झाकण नव्वद अंशांच्या थोडं पलीकडे जाऊन स्वतः थांबलं पाहिजे. सरळ मागे पडत असेल तर दर वेळी सगळा भार नळ्यांच्या झाळीवर येतो आणि एक दिवस मागची कड पत्र्यासकट सुटते. बंद केल्यावर एका कोपऱ्यावर बोट दाबा. दुसरा कोपरा उचलला तर झाकण पिळलंय, पेटी कधीतरी पडलेली आहे. समोरच्या पेटीची बिजागरी घट्ट आहे पण मागच्या डाव्या पायाजवळ बाजू किंचित आत गेलेली आहे. आत लाकूड असल्यामुळे हा पोचा मखमल न काढता बाहेर येणार नाही, आणि एवढ्यासाठी मखमल काढू नये.

मखमलीचं तेच. मूळ रेशमी मखमल कडांना विरलेली, रंग उडालेली, बिजागरीजवळ जास्त फाटलेली असते. ती वाईट दिसते, पण तीच ठेवावी. कडक, चकचकीत, गडद रंगाची नवी पॉलिस्टर मखमल आणि गोंदाचा वास आला, तर आतून काय झाकलंय हा प्रश्न विचारायचा. झाकणाच्या भोकांना मागून शिशाची ठिगळं लावून वरून मखमल चिकटवणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. लाकडाचं अस्तर नसलेल्या लहान पेट्यांत आतून सोन्याचं पाणी दिलेलं असतं. तिथे ठिगळ लपत नाही, म्हणून नवख्यानं पहिली खरेदी अशा पेटीची करावी हे उत्तम.

सफाई: इथेच बहुतेक पेट्या मरतात

आपल्या घरात चांदी घासायला रांगोळी, विभूती, दंतमंजन, टूथपेस्ट, चिंच, लिंबू, तांब्या-पितळेची पावडर यांतलं काहीतरी हमखास निघतं. समईच्या जाड चांदीला ते सोसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या नाकाला नाही. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती दर दिवाळीला थोडं थोडं नाक घेऊन जाते. चिंच-लिंबाचं आम्ल नळ्यांत आणि झाळीच्या सांध्यांत अडकतं, ९२.५ मधल्या उरलेल्या साडेसात टक्के तांब्यावर हल्ला करतं आणि तिथून हिरवट पाझर सुरू होतो.

अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा हा मोबाइलवरचा लाडका उपायही इथे नको. पेटी पाण्यात बुडवावी लागते, लाकूड फुगतं, मखमल गळते. शिवाय खोलातला काळेपणा पार निघून जातो. नक्षी वाचता येते ती उंच भाग उजळ आणि खोल भाग गडद असल्यामुळेच. पांढरंफटक झाकण लांबून सपाट पत्र्यासारखं दिसतं. दुकानातल्या बुडवायच्या द्रावणांचीही तीच गत, वर ती बिजागरीत राहिली तर धुऊन निघत नाहीत.

करायचं ते एवढंच. आधी मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची. बोटांचे डाग कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, पिळून घेतलेल्या सुती कापडानं पुसायचे, लगेच कोरडं करायचं. आत लाकूड असलेल्या पेटीवर वाहतं पाणी कधीच नाही. काळेपणा फार वाटला तर चांदीसाठी मिळणारं पॉलिशचं कापड, आणि तेही फक्त सपाट भागांवर. चेहऱ्यांवर कापड बोटाभोवती गुंडाळून दोन-तीन हलके हात, चोळायचं नाही. हट्टी डागाला प्रेसिपिटेटेड चॉकची, म्हणजे शुद्ध खडूची, बारीक पूड थेंबभर पाण्यात कालवून कापसाच्या काडीनं लावायची. वर्षातून एकदा पुरे. जास्त घासल्यावर जांभळट-करडे ढग दिसू लागले, तर तो मळ नाही. कारखान्यात तापवताना पृष्ठभागाखाली तयार झालेला तांब्याचा डाग उघडा पडलाय. त्याच्या मागे लागून घासत राहिलं की पत्रा संपतो आणि डाग राहतो.

ठेवताना पेटी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, मग प्लास्टिकच्या बंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. वर्तमानपत्र, लोकरीचं कापड आणि रबरबँड यांतलं गंधक चांदी काळी करतं. रबरबँडचा पट्टा तर असा उठतो की घासूनही खूण राहते. कोकण-गोव्याकडच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यापूर्वी जेल बदलायलाच हवं. रोज वापरणार असाल तर आत कुंकू, पावडर, अत्तराची कुपी सुटी ठेवू नका. कुंकू दमट झालं की मखमलीत शिरतं आणि तिथून निघत नाही. लहान काचेच्या वाटीत ठेवा.

दुरुस्तीला देण्याआधी सोनाराला एकच गोष्ट ठासून सांगा: आधी शिशाची झाळ आहे का बघा. करडी, मऊ, नखानं ओरखडा पडेल अशी झाळ म्हणजे शिसं-कथील. ती तशीच ठेवून चांदीच्या झाळीसाठी भाता लावला, तर शिसं वितळून चांदी खातं आणि छोट्या भोकाचं खिंडार होतं. 'पुन्हा नवी करून देतो' म्हणत चांदीचं पाणी द्यायला निघालेल्या दुकानातून पेटी परत आणा.

किंमत आणि पर्याय

इंग्लंडातले विक्रेते वजन ट्रॉय औंसात सांगतात, एक औंस ३१.१ ग्रॅम. लाकडाशिवायची, १५० ग्रॅमची पेटी असेल तर ११.६६ ग्रॅमच्या जुन्या तोळ्यानं जेमतेम तेरा तोळे, आणि त्यातली शुद्ध चांदी १३८.७५ ग्रॅम. हा आकडा काढून ठेवा, सौदा करायला नव्हे तर सावध राहायला. कुणी अस्सल कॉमिन्स पेटी मोडीच्या भावात देत असेल, तर ती प्लेटेड तरी आहे, फुटलेली तरी. लाकूड असलेल्या पेटीचं वजन सांगण्यात अर्थच नाही, कारण काट्यावर लाकूड, मखमल आणि गोंदही चढतो.

निव्वळ हातकाम हवं असेल तर हा प्रकार तुमचा नव्हे. तेवढ्याच पैशांत, किंवा थोडे जास्त घालून, कच्छची पेटी बघा. भूजच्या ओमरसी मावजी यांच्या 'ओ एम' शिक्क्याच्या कामात राळेवर ठोकून उठवलेली दाट पानं आणि त्यांत लपलेले प्राणी असतात, पत्रा जाड, चांदीही स्टर्लिंगपेक्षा वरच्या कसाची. तिथे सालाचं अक्षर मात्र नाही, काळ कामाच्या वळणावरून ठरवावा लागतो, आणि म्हणून 'ओ एम' मारलेल्या नकलाही फार. शिक्का वाचून निश्चिंत व्हायचं असेल तर लंडन, हात ओळखता येत असेल तर भूज.

समोरच्या पेटीपुरता निकाल: मधले तीन चेहरे उत्तम, कडेचे दोन मध्यम, भोकं नाहीत, बिजागरी चांगली, एक पोचा, मखमल मूळची. घेण्यासारखी आहे. हीच पेटी नाकं झिजलेली असती तर अर्ध्या किमतीलाही नको म्हटलं असतं, कारण झिजलेला ठसा परत येत नाही.

परदेशातून मागवताना बिलावर शिक्क्याचं साल स्पष्ट लिहून घ्या. शंभर वर्षांवरच्या वस्तू सीमाशुल्कात ९७०६ या वेगळ्या शीर्षकाखाली येतात आणि वय दाखवायला पुराव्याचा कागद लागतो. उलट दिशेचा नियम तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू मुळात इंग्लंडात बनलेली असली तरी फरक पडत नाही. आजीची १९०२ ची पेटी अमेरिकेतल्या नातीच्या बॅगेत घालण्याआधी हे लक्षात असू द्या. १९२०च्या दशकाच्या शेवटची किंवा त्यानंतरची असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्यावं. तिथेही सालाचं अक्षरच कामाला येतं, म्हणून शिक्क्यांचे भिंगातून काढलेले फोटो अर्जासोबत जोडा.